वजन जागेवर आहे

हृदयाच्या विभागात तिला तोंडावर सिस्टर आणि पाठीमागे काटेवाली म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्यावर तक्रारही नव्हती, कारण नाव शोभणारं होतं. दुबळ्या हृदयाचा माणूस घरी निघाला, की औषधांची पिशवी हातात पडायच्या आधीच ही विचारायची, "घरी वजनकाटा आहे का?" नाही म्हणणाऱ्याची मग धडगत नसायची. जावई असो, सून असो, जो कुणी न्यायला आला असेल त्याला ती तिथल्या तिथे दुकानात पिटाळायची.

हे काही तिचं खूळ नव्हतं. हृदय थकलं की त्याला रक्त पुढे ढकलवत नाही आणि अंगात पाणी साचायला लागतं. आधी गुपचूप साचतं. पाय सुजायच्या आधी, दम लागायच्या आधी ते काट्यावर कळतं. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आलं की, तोंडात काही घालायच्या आधी काट्यावर उभं राहायचं आणि सिस्टरला फोन करून आकडा सांगायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी आलं म्हणून समजायचं. मग ती डॉक्टरांना विचारून लघवीची गोळी वाढवायची आणि माणसाचं पुन्हा भरती होणं टळायचं. काम इतकं सोपं. पण सोपी कामं करायचीच माणसाच्या जिवावर येतात. कुणी बूट घालून काट्यावर चढायचं. कुणी भिंतीला हात टेकून दोन किलो परस्पर भिंतीच्या नावावर घालायचं. एका गृहस्थांनी तर आठवडाभर बायकोचं वजन सांगितलं, कारण स्वतःच्या पोटाआड त्यांना आकडा दिसत नव्हता. अशांची ती फोनवरच बिनपाण्याने हजामत करायची.

तिची खोली विभागाच्या टोकाला, पूर्वी चादरी ठेवायचे तिथे होती. एक टेबल, एक फोन, भिंतीला घड्या ठेवायच्या फळ्या तशाच. सकाळभर फोन आणि दुपारी घरोघर फेरी असा तिचा दिवस जायचा. शहरभर पसरलेली दुबळी हृदयं आणि ती एकटी, त्यामुळे तिने स्वतःपुरती एक रीत घालून घेतली होती. ज्यांचं वजन वरखाली होतंय त्यांच्या घरी जायचं, ज्यांचं जागेवर आहे त्यांना फोनवर निभवायचं. ज्याला गरज त्याच्याकडे जावं, यात कुणाला काय चुकीचं दिसणार?

लिफ्टवाले काका तिच्याकडे आले ते तिसऱ्यांदा भरती होऊन. उभा जन्म शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, आणि स्वतः राहायला तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. "अख्ख्या गावाला वर चढवलं, सिस्टर, आणि आपलं नशीब जिन्याचं," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. दम लागलेला असताना विनोद करणारा माणूस सिस्टरला आवडायचा. त्यांच्या हृदयाची एक झडप गळकी झाली होती. रक्त पुढे जायचं सोडून थोडं थोडं मागे यायचं. झडप बदलली तर माणसाला बरीच वर्षं मिळणार होती. पण छाती उघडायची म्हणजे शरीर थाऱ्यावर हवं. ऑपरेशन करणारे डॉक्टर, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तीन महिने पाणी न साचता काढून दाखवा. मग नंबर लावतो. मध्ये पुन्हा भरती झालात, तर विषय लांबणीवर."

काकू हे सगळं उभ्यानेच ऐकत होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. शाळेच्या भोजनघरात स्वयंपाक करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शेकडो पोरांची ताटं त्यांनी एका पळीच्या अंदाजाने वाढली होती, न कुणाला कमी, न कुणाला जास्त. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारी बाई. डॉक्टर गेल्यावर त्यांनी सिस्टरचा हात धरला आणि विचारलं, "मी काय करू ते सांगा. बाकी माझ्यावर सोडा."

सिस्टरला असं विचारणारी माणसं वर्षात एखाद-दुसरीच भेटायची. ती खूश झाली. मीठ नाही, पाणी मापून, गोळ्या वेळेवर, रोज वजन, असं सगळं तिने समजावून सांगितलं. आणि शेवटी, घाईत, प्रेमाने, काकूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "फक्त एकच लक्षात ठेवा, काकू. वजन वाढू द्यायचं नाही. आता ऑपरेशन तुमच्या हातात आहे."

वाढलं तर मला सांगा, असं ती बाकी सगळ्यांना म्हणायची. त्या दिवशी वाक्य तेवढं वेगळं बाहेर पडलं.

पहिले तीन-चार आठवडे ती स्वतः अधूनमधून तिसरा मजला चढून गेली. घर कसं आरशासारखं होतं. वजनकाटा खिडकीखाली, जमीन सपाट असेल तिथे. पाण्याची बाटली आणि तिच्यावर काकूंनी नखरंगाने ओढलेली रेघ. मिठाची बरणी तर त्यांनी खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याला देऊन टाकली होती. "घरात असली की हात जातो," म्हणाल्या. काका खुर्चीत बसून तक्रार करत होते, "आमच्या घरात आता दोन डॉक्टर. एक पांढऱ्या कपड्यातली आणि एक ही. पांढरीचा तरी धाक कमी." सिस्टरने पाय दाबून पाहिले, छातीला नळी लावून ऐकलं. सगळं ठाकठीक होतं. पायऱ्या उतरताना तिच्या मनात आलं, अशी बायको प्रत्येकाच्या घरात असती तर माझी खोली पुन्हा चादरींना द्यावी लागली असती.

त्यानंतर तिचं जाणं थांबलं, कारण जायचं कारणच उरलं नाही. रोज सकाळी पहिला फोन काकूंचा असायचा आणि आवाजात शाळेतल्या हुशार पोरीचा तोरा, "सिस्टर, वजन जागेवर आहे!"

"शाब्बास. रात्री उशा किती लागतात?"

"वाढल्या नाहीत."

"दम?"

"घरातल्या घरात कसला दम? बाहेर पडतातच कुठे?"

"पाय सुजलेत?"

"छे हो. उलट बारीक झालेत."

उत्तरं सगळी खरी होती. उशा वाढल्या नव्हत्या, कारण काका आता बिछान्यात झोपतच नव्हते. खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो, बरं वाटतं, रस्ताही दिसतो, असं ते म्हणायचे आणि काकूंनी ते मानलं होतं. दम लागत नव्हता, कारण ते हलत नव्हते. पाय बारीक झाले होते, ते मात्र सिस्टरने ऐकून सोडून दिलं. सूज नाही ना, एवढंच तिला हवं होतं. तिच्या मागे त्याच वेळी दोन फोन वाजत असायचे, कुणाचं चार किलो वाढलेलं, कुणी गोळ्याच बंद केलेल्या. जो दारात ओरडत उभा आहे त्याच्याकडे माणूस आधी धावतो. काका ओरडत नव्हते. विभागातल्या नव्या नर्सना शिकवताना ती काकूंचं उदाहरण द्यायची. असं असावं घरचं माणूस, म्हणायची.

तीन महिने झाले. मोठ्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं.

सिस्टर मुद्दाम खाली दरवाज्यापर्यंत आली. तिला कौतुक होतं आणि खरं सांगायचं तर थोडी मिरवायचीही हौस होती. गाडीतून आधी काकू उतरल्या. मग त्यांचा धाकटा भाऊ आणि तो खालचा न्हावी, दोघांनी मिळून काकांना उचलून चाकांच्या खुर्चीत ठेवलं. न्हाव्याने त्यांची दाढी गुळगुळीत केली होती. अंगात चांगला कोट होता.

कोटाचे खांदे खाली लोंबत होते, आणि पोटावर त्याचं बटण लागत नव्हतं.

नर्सला विचार करायला वेळ लागतो, बघायला लागत नाही. कानशिलांत खड्डे पडले होते. गळपट्टीतून मान एखाद्या काठीसारखी वर आली होती. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकलं होतं. आणि या एवढ्याशा माणसाच्या पुढे ते पोट, ताणलेलं, तुकतुकीत, पाण्याने भरलेलं. पाणी पायात न उतरता सगळं तिथे जाऊन बसलं होतं. काटा खोटं बोलला नव्हता. जितकं पाणी आत आलं होतं तितकंच मांस गेलं होतं, आणि बेरीज रोज तीच भरत होती.

"बघा," काकू म्हणाल्या. "एक किलो इकडचा तिकडे नाही."

"हो काकू," सिस्टर म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी काकांना आपली दोन बोटं धरून दाबायला सांगितली. पोलादी दोरांना हाताने पीळ देणारा तो माणूस. त्याने दात आवळून दाबली, आणि डॉक्टरांच्या बोटांचा रंगही बदलला नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. काका पुढे झुकले, थरथरले, मागे बसले आणि हसून म्हणाले, "लोड जास्त झालाय, साहेब. दारच लागत नाही." डॉक्टरांनी पोटावर बोटाने वाजवून पाहिलं.

मग सिस्टरला बाहेर बोलावलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुमच्या नोंदीत वजन स्थिर आहे."

"होय, सर."

"माणूस अर्धा झालाय. दोन महिन्यांत कुणी पाहिलं नाही त्यांना?"

"फोनवर होते, सर. वजन जागेवर होतं म्हणून..." तिचं तिलाच ते वाक्य ऐकवेना.

"अशा शरीरावर मी सुरी चालवली तर जखम भरायला आत काही उरलेलंच नाही." ते चष्मा काढून पुसायला लागले. "भरती करून घ्या. पाणी काढू, खायला घालू, अंगात ताकद येते का बघू. आली तर करू."

तर म्हणजे सगळं त्या एका गोष्टीवर येऊन ठेपलं. काकांनी खाल्लं पाहिजे आणि खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे, तरच झडप; नाहीतर काही नाही. सिस्टरने स्वतः जाऊन स्वयंपाकघरात सांगितलं, या खाटेवर दुप्पट पाठवा. अंडी, दूध, मऊ भात, बटाटा. दुपारी ट्रे आला तेव्हा ती तिथेच होती.

काकूंनी ट्रे पाहिला आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"अगं बाई! एवढं? सिस्टर, हे कुणा दुसऱ्याचं दिसतंय."

"त्यांचंच आहे, काकू."

"छे, छे. उद्या काटा वर जाईल." असं म्हणत त्यांनी चमचा उचलला आणि सिस्टर काही बोलायच्या आत ताटातलं अन्न बाजूच्या बशीत काढायला लागल्या. इतक्या सफाईने, की अर्धं गेलं तरी ताट भरल्यासारखंच दिसत होतं. भात पसरून, बटाटा कडेला उभा करून, अंड्याच्या चकत्या तिरक्या लावून. "घरी मी असंच करते. सकाळी पाव किलो जरी वाढलं ना, की दुपारचं थोडं कमी. तरी नाही उतरलं तर रात्री नुसतं सूप. बरोब्बर जागेवर येतं दुसऱ्या दिवशी. वेळ नाही आणली मी तुम्हाला सांगायची." आणि त्या सिस्टरकडे बघून हसल्या, पाठ थोपटून घ्यायला आलेल्या मुलीसारख्या.

सिस्टरने काकांकडे पाहिलं, तर ते तिच्याचकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत आश्चर्य मुळीच नव्हतं.

काकू बशी धुवायला गेल्या तसे ते हळूच म्हणाले, "तिला सांगू नका."

"काका, तुम्हाला कळत होतं?"

"ताट माझंच होतं ना." दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागत होतं. "पहिल्या पहिल्यांदा भूक लागायची. सपाटून लागायची. पुढे पुढे मेली. पण सकाळी तो आकडा बघून ती जी काही खूश व्हायची... तुम्हाला फोन करताना तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. इतकी वर्षं संसार केला, माझ्यामुळे तिला असं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. निघतील."

"अहो, पण मला तरी सांगायचं!"

"तुम्ही कधी माझ्याशी बोललात? फोनवर तीच असायची."

रोज तिच्या कानावर पडणारा आवाज ठणठणीत बाईचा होता. आजारी माणसाचा आवाज तिने दोन महिन्यांत एकदाही मागितला नव्हता. मागितला असता तर पहिल्या वाक्यातच तिला कळलं असतं. तेवढी ती आपल्या कामात नक्कीच पक्की होती. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

काकू परत आल्यावर तिने थाप मारली. नवीन औषध सुरू केलंय, त्याच्यावर पोटभर खावं लागतं, आता वजनाकडे बघायचं नाही. काकूंनी मान डोलावली. नियम बदलला तर बदलला. त्याच मायेने त्या आता भरवायला बसल्या, घास बारीक करून, मध्ये थांबून, गोष्टी सांगत. काका तोंड उघडायचे. दोन घास जायचे, तिसरा गालातच राहायचा. पोटाला आता अन्नाची सवय उरली नव्हती आणि हृदयाला पचवण्यापुरतंही रक्त पोटाकडे पाठवता येत नव्हतं. नाकातून नळी घालून पाहिली, ते उलटलं. सुईवाटे औषध देऊन पाणी मात्र उतरवलं. पाणी उतरलं तसा आतला खरा माणूस दिसायला लागला, आणि तो फारच थोडा उरला होता. मग मूत्रपिंडांनी हात टेकले.

मोठे डॉक्टर स्वतः येऊन काकूंशी बोलले. चांगलं बोलले, खाली बसून, घाई न करता. ऑपरेशन होणार नाही. घरी न्या, त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे नंबर गेला का आमचा?"

त्या आठवड्यात सिस्टरने आपल्या सगळ्या माणसांना नव्याने फोन केले. वजन नंतर सांगा, आधी काल काय काय खाल्लंत ते सांगा, आणि फोन आजारी माणसाच्या हातात द्या. लोकांना गंमत वाटली. काटेवाली आता खानावळ काढणार वाटतं, असं एक म्हातारा म्हणाला. एरवी तिने त्याला सोडला नसता. त्या दिवशी तिने नुसतं विचारलं, काल काय खाल्लंत? विभागात कुणी तिला बोल लावला नाही. मोठ्या डॉक्टरांनीही विषय पुन्हा काढला नाही. दुबळं हृदय, म्हातारा माणूस, असं होतं, एवढ्यावर सगळे थांबले. तिलाही थांबता आलं असतं.

काकांना घरी नेल्यावर ती रोज जायला लागली. तिसरा मजला चढताना आता तिलाच दम लागायचा. काका खिडकीशी खुर्चीत, उशांच्या आधाराने बसलेले असायचे. श्वासाची तडफड कमी व्हावी म्हणून ती जिभेखाली थेंब टाकायची, ओठ ओले करायची, पाठीचे हाडाचे उंचवटे तेल लावून चोळायची, कातडी फुटू नये म्हणून. काटा खिडकीखालून निघून कपाटावर गेला होता. काका बहुतेक वेळ डोळे मिटून असायचे, पण कान जागे होते.

एका दुपारी काम आटपून ती हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. काकू ओट्याशी उभ्या राहून उकडलेला बटाटा चमच्याने घोटत होत्या, दूध घालून, गाठ राहू नये असा. ते कुणी खाणार नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"सिस्टर," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"मी एक दिवस चुकवला नाही हो. मीठ नाही, पाणी मापून, गोळी घड्याळावर. तुम्ही म्हणालात वजन वाढू द्यायचं नाही, नाही वाढू दिलं. सगळं तुमच्या शब्दाबाहेर न जाता केलं. शाळेत कधी एवढ्या मनाने केलं नाही मी." चमचा थांबला. "मग चुकलं कुठे माझं? रात्रभर हेच डोक्यात असतं. कुठेतरी चुकलं असणार. नाहीतर असं कसं होईल?"

अशा वेळी बोलायचं एक वाक्य सिस्टरकडे तयार होतं. कुणाचंच काही चुकलं नाही, आजारच असा असतो. असंख्य बायकांना तिने ते सांगितलं होतं आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं. ते तिच्या ओठांवर आलं. पण ही बाई पुढची सगळी वर्षं या ओट्याशी उभी राहून स्वतःची चूक शोधत बसणार, आणि जिची चूक आहे ती जिना उतरून आपल्या घरी जाणार, हे तिला सोसेना. निदान एवढं तरी काकूंच्या डोक्यावरून उतरवावं, असं तिला मनापासून वाटलं.

"तुमचं नाही चुकलं, काकू," ती म्हणाली. "माझं चुकलं. शंभर टक्के माझं. तुम्ही रोज फोन करत होतात आणि मी रोज नुसतं वजन विचारत होते. ते जेवतात किती, हे मी एकदाही विचारलं नाही."

बोलली, आणि बोलताच तिला कळलं की काय होऊन बसलंय.

काकू वळल्या. हळूहळू, भांडं हातात धरूनच. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या पोटात किती गेलं याचाच अंदाज बांधला होता. त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. सिस्टरला दिसलं, की त्या मनातल्या मनात मागे मागे जातायत, एकेक दुपार, एकेक रात्र, एकेक बशी बाजूला काढलेली.

"काकू, तसं नाही. ऐका माझं. त्यांचं हृदयच..."

"म्हणजे मी त्यांना..." काकू म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीतून खुर्ची कुरकुरली. काकांनी सगळं ऐकलं होतं. अंगात होती नव्हती तेवढी हवा गोळा करून ते बोलले. आवाज जेमतेम दारापर्यंत पोचला.

"अगं... मला भूकच... नसायची गं."

काकूंनी दाराकडे पाहिलंही नाही. भांडं ओट्यावर ठेवलं, हात पुसले आणि सिस्टरच्या अगदी जवळ येऊन, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, "ताट चाटून पुसून लख्ख यायचं हो, सिस्टर. रोज. बिनमिठाचं सगळं, आणि तरी शीत राहायचं नाही. मला वाटायचं, माझ्या हाताला चव आहे."